बोडक्या देवीला केस आले

माळव्यातल्या धार शहरात आमच्या घराला लोक लुळ्यापांगळ्या देवांची धर्मशाळा म्हणत, आणि त्याला कारण माझे वडील. राज्यातल्या जुन्या मूर्ती, शिलालेख, ताम्रपट गोळा करून एके ठिकाणी मांडायचं दरबारात ठरलं आणि ते काम दादांच्या गळ्यात पडलं. दादा म्हणजे माझे वडीलच. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. एका पडीक शाळेच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या. वर 'पुराणवस्तुसंग्रह' अशी पाटी लागली, पण एवढा शब्द कुणाच्या तोंडात मावेना, म्हणून गाव त्याला अजबखाना म्हणू लागलं. खोल्यांत जागा पुरली नाही की दादा मूर्ती सरळ घरी आणत. परसात तुळशीच्या एका अंगाला सोंड तुटलेला गणपती, दुसऱ्या अंगाला बिनमुंडक्याचा सूर्य, आणि धुणं वाळत घालायच्या दोरीखाली कुणा तीर्थंकराचे नुसतेच पाय. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादांना मात्र मूर्ती धडधाकट असली की तिच्यात गोडी वाटत नसे.

या सगळ्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती घरात होती, ती म्हणजे आत्या. दादांची थोरली बहीण. परकर नेसायच्या वयात तिचं कपाळ पांढरं झालं आणि तेव्हापासून ती सोवळी. डोक्याचं मुंडण, अंगावर एकच तांबडं आलवण, त्याचाच पदर डोक्यावरून ओढलेला. चोळी नाही, दागिना नाही, दिवसातून एकदाच जेवण. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारानं यायचा आणि आत्या त्याच्यापुढं बसून त्याच्या घरच्या सगळ्या भानगडी काढून घ्यायची. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला आत्यानंच वाढवलं. तिची जीभ अशी होती की भिक्षेकरीसुद्धा आमचं दार चुकवून पुढं जात.

आता माझं सांगते. मला देवासात दिली होती. देवास म्हणजे त्या काळी एका गावात दोन राजे, एक थोरल्या पातीचा आणि एक धाकट्या पातीचा. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. माझे सासरे थोरल्या पातीत हुद्द्यावर होते आणि पलीकडून आलेला वाराही त्यांना सोसत नसे. एकदा सासूबाईंनी धाकट्या पातीतल्या माळणीकडून आलं घेतलं, तर मामंजींनी चहा टाकून दिला आणि आठवडाभर अबोला धरला. नियम म्हटला की त्यांना तो पाळायचाच असे, मग तो कुणी का केलेला असेना.

नवऱ्याविषयी मला फार सांगता येणार नाही, कारण तो माझ्याशी फार बोललाच नाही. बुजरा होता. नुकता कुठं बोलायला लागला होता, मला आवडायलाही लागला होता, आणि प्लेगात गेला. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन.

दहाव्या दिवशी न्हाव्याला सांगावा गेला. मला ताप भरला होता, आणि तो खराखुरा होता, म्हणून तेवढ्यापुरतं टळलं. दादा मला न्यायला देवासला आले. मामंजी म्हणाले, "ताप उतरेपर्यंत न्या. वर्षश्राद्धापर्यंत मी थांबतो. पण श्राद्धाच्या आधी हे उरकलंच पाहिजे. नाहीतर माझ्या मुलाला पाणी पोचायचं नाही." दादांनी मान हलवली. ते भांडणारे गृहस्थ नव्हते, आणि भांडले असते तर धार-देवासच्या आमच्या सगळ्या गोतानं त्यांना वाळीत टाकलं असतं. मी दाराआडून ऐकत होते. मला माझे केस हवे होते. याहून मोठं कारण मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते नव्हतंच.

तापलेली मुलगी गाडीत घातल्यावर दुसरा कुणी बाप नीट घरची वाट धरता. दादांनी गाडी उलटी वळवली. पीपलरावां नावाच्या गावाकडे एका शेताच्या बांधावर कसलीशी माताजी आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि इतक्या जवळ येऊन ती न बघता परत जायचं त्यांच्या जिवावर आलं. माताजी खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडाखाली बसली होती. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराचे थर बसून तिचं डोकं कलिंगडासारखं गुळगुळीत झालं होतं.

"भिया, या कणी माता हे?" दादांनी शेतकऱ्याला विचारलं.

"मूंडी माता हे सा," तो म्हणाला. "सुवागण इके हात नी लगाय. तम ले जाव, म्हाको बी भलो होयगो."

म्हणजे बोडकी देवी. सवाष्णी तिला शिवत नसत, आणि शेतकऱ्याला ती बांधावर नकोच होती. दादा मूर्तीच्या मांडीशी वाकून जमिनीकडे सोडलेला तिचा हात बराच वेळ चाचपत राहिले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "देवीबिवी नाही गं. हा बुद्ध असावा." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्यावर रागवावं का हसावं कळेना. चौघांनी मिळून बुद्ध उचलला आणि कडब्यावर माझ्या शेजारी ठेवला. गाडीवान एकदा माझ्याकडे, एकदा मूर्तीकडे बघून पुटपुटला, "एक गाड़ी में दो-दो! राम राम राम." नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथं.

अजबखान्याची कौलं त्या वेळी उतरवलेली होती, म्हणून मूर्ती आमच्या परसात उतरली. आत्यानं कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली. हे नवं भूत कुठलं म्हणून ती दादांवर तोंड सोडणार अशी माझी खात्री होती. ती थांबली. पुन्हा एक फेरी मारली.

"डोकं बोडकं," ती म्हणाली. "कानाच्या पाळ्या लोंबताहेत, म्हणजे कधीकाळी भारी दागिने घातलेले, आणि आता भोकं रिकामी. अंगावर एकच वस्त्र, तेही एका खांद्यावरनं. नजर खाली. अरे शहाण्या, ही आमच्यातली आहे!"

"अक्का, तो पुरुष आहे," दादा म्हणाले. "छाती बघ ना त्याची."

"जन्मभर एका वेळी जेवून छाती कुठली राहायला? माझी राहिली?"

दादा तुळशीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या पायाशी फुलं होती. तिसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्या सोवळ्या आमच्या परसात होत्या. तुम्हाला आज यातली गंमत कळायची नाही. चैत्रात घरोघरी हळदीकुंकू व्हायचं, पन्हं आणि कैरीची डाळ वाटली जायची, आणि ती डाळ पहाटेपासून पाट्यावर वाटणाऱ्या या बायका समारंभाच्या वेळी आतल्या अंधाऱ्या खोलीत बसायच्या, कारण त्यांचं तोंड दिसणं अशुभ. आता त्यांना त्यांची स्वतःची देवी मिळाली. हळदीकुंकवाच्या जागी बुक्का, पन्ह्याच्या जागी पन्हंच. वर आत्यानं सवाष्णींना मज्जाव केला! शेजारच्या काकू गडग्यावरून डोकावायच्या तर आत्या म्हणायची, "तुमच्या देवी पुष्कळ आहेत हो, त्यांच्याकडे जा. आमच्या हिला हिरव्या बांगड्यांचा आवाज सोसत नाही." काकूंनी पोराच्या हाती नारळ पाठवला, तो आत्यानं परत पाठवला. असला अपमान त्या आळीत कुणा सवाष्णीचा झाला नव्हता, आणि अपमान करण्यात इतकं सुख असतं हे सोवळ्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्या पदरात तोंड खुपसून खिदळत.

दादांची मात्र पंचाईत झाली. अजबखान्याची कौलं चढली, भिंतींना चुना लागला, सोंडतुटका गणपती आणि सूर्य वाजतगाजत तिकडे गेले, आणि ज्याच्यावर दादांचा सगळा जीव तो बुद्ध त्यांच्याच बहिणीनं अडवून ठेवला. "अक्का, तो सरकारी माल आहे," असं ते दारातून म्हणत, आणि आतून दहा बायका एकदम आरती सुरू करत.

मी त्या मेळ्यात बसायची, पण मला धड जागा नव्हती. सवाष्णींना मी नको आणि सोवळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावर. एकीनं विचारलंच, "हिचं कधी?" आत्या म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आधी." एवढंच. बरं नाही, वाईट नाही, काही नाही. आत्यानं माझ्या केसांविषयी आजवर ताकास तूर लागू दिला नव्हता आणि मला वाटे, तिला ते पटलेलंच असणार. तिचं झालं, तसं माझं व्हायचं. मला तिचा राग येई. मग एका दुपारी मी पाणी आणायला परसात गेले तर ती एकटीच मूर्तीपुढं उभी होती आणि तिला चक्क दटावत होती. "तुझं झालं. माझं झालं. आता पोरीचं तरी राहू दे. तुला काय, दगडाला, बसली आहेस मुकाट्यानं." मी घागर तशीच घेऊन मागच्या मागं फिरले.

वर्षश्राद्ध जवळ येऊ लागलं. एके दिवशी सगळ्या सोवळ्या मिळून देवळात कीर्तनाला गेल्या आणि दादांनी ती संधी साधली. कोमट पाण्यात साजीखार कालवला, बांबूच्या चिपा केल्या आणि मला हाताशी घेऊन मूर्तीचा शेंदूर काढायला बसले. "खरवडायचं नाही, भिजू द्यायचं," असं मला बजावत होते आणि स्वतःच अधीर होऊन खरवडत होते. बराच वेळ काही होईना. आणि मग कपाळाशी एक भेग पडली आणि डोक्यावरचं सगळं कवच नारळाच्या करवंटीसारखं अख्खं सुटून माझ्या हातात आलं.

आत केस होते. अगदी बारीक, शंखासारखे वळलेले, ओळीनं बसवलेले कुरळे केस, कपाळापासून मानेपर्यंत. दादा टाळ्या पिटत उठले. "बुद्धच! बघ, बुद्धच!" ते ओरडत होते आणि पायांनी सगळीकडे साजीखार सांडत होते.

त्याच वेळी आमची धुणेवाली मागच्या दारानं आत आली. तिनं माझ्या हातातली करवंटी बघितली, मूर्ती बघितली आणि हातातलं गाठोडं टाकून किंचाळली, "माताजी ने चोलो छोड़ द्यो! माताजी ने चोलो छोड़ द्यो!"

माळव्यात हे लहान मुलालाही ठाऊक असतं. देवाच्या अंगावरचं शेंदराचं पूट वर्षानुवर्षं चढत जातं, त्याला चोला म्हणतात, आणि ते कधी आपसूक गळून पडलं तर देवानं आपल्या इच्छेनं जुनं वस्त्र टाकलं असं समजतात. मोठा शकुन. गावजेवणं होतात. आता हे आपसूक गळलेलं नव्हतं. साजीखाराची बादली समोर होती. पण धुणेवाली बादलीकडे बघायला थांबली नाही, ती ओरडत रस्त्यावर पळाली, आणि कीर्तनाहून परतणाऱ्या बायका तिलाच समोरून भेटल्या.

आत्या सगळ्यांच्या पुढं होती. ती मूर्तीपाशी आली आणि मटकन खालीच बसली.

"केस," ती म्हणाली.

"अक्का, मी सांगतो," दादा म्हणाले, "हा जो आहे ना—"

"गप रे." आत्यानं माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग ती उठली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आम्ही चोळी सोडली, तेव्हा आमचे केस गेले. हिनं चोला सोडला आणि हिचे केस परत आले! बोडक्या देवीला केस आले गं बायांनो!"

काही बायका रडायला लागल्या. एक हसता हसता रडायला लागली. शेजारच्या काकू गडग्यावर चढल्या होत्या, त्या तिथंच हात जोडून राहिल्या.

सगळ्या गेल्यावर दादांनी आत्याला ओसरीवर गाठलं. माझे वडील चिडले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, तसा झाला होता. "अक्का, मी जन्मभर खरं काय ते उकरून काढतो, आणि माझ्याच परसात तू ही थाप ठोकून दिलीस? तो पुरुष आहे. राजाचा मुलगा होता. घर सोडून गेला, संन्यासी झाला."

"केस काढलेन का त्यानं?"

"काढले. घर सोडताना स्वतःच्या तलवारीनं कापले."

"स्वतःच? कुणी धरून बसवला नाही? कुणी म्हटलं नाही, बायकोला पाणी पोचायचं नाही म्हणून?"

"नाही. स्वतःच्या मनानं."

आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "बरं. आणि हे डोक्यावर आहेत ते?"

"मूर्तीत तसे दाखवतात. नंतर तेवढेच वाढले, असं म्हणतात."

"म्हणजे आधी गेले होते आणि मग आले. मी निराळं काय म्हटलं?"

"हे तर्कशास्त्र नव्हे, अक्का."

"नसेल. पोरीचे केस आहेत. तू खोटं बोलू नकोस, तुझ्या तोंडाला ते शोभायचं नाही. तू नुसता गप्प राहा."

तेवढ्यापुरतं दादा गप्प राहिले. पण त्यांनी सोवळ्यांची समजूत घातली की मूर्ती आता पक्क्या छपराखाली न्यायला हवी, आणि ती अजबखान्यात हलवली. मग काय विचारता! ज्या दोन खोल्यांकडे कुणी फिरकत नव्हतं तिथं पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडू लागला. लोक गणपतीलाही हळदकुंकू लावू लागले, शिलालेखावर पाणी घालू लागले. सतीचा एक दगड होता, त्यावर बांगड्या भरलेला हात कोरलेला, त्याच्यापुढं सवाष्णींची रांग लागायची, ती पाहून आत्या म्हणाली, "तिचे केस कुणी कापले नाहीत, सगळी अख्खीच जाळली." दादा दारात उभे राहून "हात लावू नका" असं घसा बसेपर्यंत ओरडत. न्हावीही एकदा तक्रार घेऊन आला. आळीतल्या तिघी-चौघींनी त्याला 'देवीला विचारून ये' म्हणून परत धाडलं होतं.

प्रत्येक वस्तूपुढं दादांनी लाकडाची चिमुकली पाटी ठेवली होती, हा अमुक, तो तमुक. या एकाच मूर्तीपुढं पाटी नव्हती. पाटी तयार होती. त्यांनी ती स्वतः रंगवली होती, 'बुद्ध' अशी, आणि ती ते अंगरख्याच्या खिशात घालून रोज अजबखान्यात जात आणि तशीच परत आणत. आज ठेवतो, उद्या ठेवतो असं त्यांचं चाललं होतं. मी आंघोळीच्या वेळी त्यांचा अंगरखा उचलला की खिसा चाचपून बघे.

बातमी देवासला पोचायला वेळ लागला नाही. सोवळ्या बायकांचं टपाल सरकारी टपालापेक्षा जलद. तिथं धाकट्या पातीतल्या एकीनं न्हाव्याला दारातूनच परत पाठवलं, आणि धाकट्या पातीतलीनं पाठवल्यावर थोरल्या पातीतली कशी मागं राहील? मामंजींच्या सख्ख्या वहिनीनंच पाठवलं. मामंजींचं पित्त खवळलं. वर्षश्राद्धाला थोडे दिवस उरले असताना ते उपाध्यांना घेऊन धारेत येऊन थडकले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "मुलीला आजच बसवा. न्हाव्याला सांगून आलो आहे. आणि ते देवीचं थोतांड मला दाखवा, म्हणजे परत जाऊन सगळ्यांना सांगता येईल."

"आधी दर्शन," आत्या आतून म्हणाली. "मग काय ते."

आम्ही सगळे अजबखान्यात गेलो. मी पदर घट्ट ओढून आत्याच्या मागं. वाटेत सोवळ्या एकेक करून मागं येऊ लागल्या. पोचेपर्यंत ती एक तांबडी मिरवणूकच झाली. मामंजींनी चपला बाहेर काढल्या. थोतांड म्हणत होते तरी काढल्या. आत जाऊन ते मूर्तीसमोर उभे राहिले. उपाध्ये वाकून केस बघत होते, आणि त्यांच्या अगदी मागं त्यांची चुलत बहीण उभी होती, धारेतलीच सोवळी, तिची नजर त्यांच्या मानेवर.

मामंजींनी दादांना विचारलं, "तुम्ही शिकलेले आहात. दरबारनं तुम्हाला या कामावर नेमलं आहे. या बायकांचं मी ऐकणार नाही, तुमचं ऐकेन. हे केस आधीपासून होते की आता आले? आणि ही आहे तरी कोण?"

दादांचा हात खिशात गेला. मी तो जाताना बघितला. मला वाटलं, झालं. कारण मला माझे वडील ठाऊक होते. दगडावरचं एक अक्षर चुकीचं वाचलं म्हणून ज्यांनी आपल्या गुरूंशी बोलणं सोडलं, ते दादा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मूर्तीकडेही बघितलं नाही. कुठंतरी सूर्याच्या तुटक्या मानेकडे बघत म्हणाले, "पीपलरावांच्या बांधावर मी हिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा डोकं अगदी बोडकं दिसत होतं. तिथलं सारं गाव सांगेल. आज केस दिसताहेत. आपण आपल्या डोळ्यांनी बघा."

अक्षर अन् अक्षर खरं होतं. खोटा शब्द एकच, 'हिला'. एरवी सगळ्यांसमोर 'तो, तो' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या दादांनी तो एक शब्द माझ्यासाठी उच्चारला आणि मान खाली घातली. मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मामंजींसमोर मला हलताही येत नव्हतं.

मामंजींनी उपाध्यांकडे बघितलं. उपाध्ये मागं वळून बघायला धजत नव्हते. ते खाकरून म्हणाले, "देवीनंच जर केस धारण केले असतील, तर त्यानंतर... म्हणजे आता कुणाचे काढणं... कोप झाला तर श्राद्धाचं पाणी..."

"पोचायचं नाही," आत्या पदराआडून म्हणाली.

मामंजींनी पुन्हा एकदा मूर्तीकडे बघितलं. मग नियम बदलला आहे हे एकदा ध्यानात आल्यावर त्यांनी तोही पाळला. वाकून नमस्कार केला. मूर्तीकडे बघतच, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मुलगा गेला माझा. बाकी मला काही कळत नाही. मुलीला इथंच ठेवा. श्राद्ध आम्ही तिकडं करू." आणि चपला घालून निघून गेले. वर्षभर मी त्यांच्या नावानं बोटं मोडली होती, पण त्या दिवशी मला त्यांची दया आली.

दादा असेपर्यंत त्या मूर्तीपुढं 'मूर्ती, पीपलरावांजवळ मिळालेली' एवढीच पाटी राहिली. कुणी विद्वान येऊन विचारी तेव्हा ते त्याला बाजूला नेऊन हळूच सांगत, आणि मग आजूबाजूला आत्या नाही ना, हे बघत.

मामंजी गेले त्या दुपारी आत्यानं मला परसात बसवलं. घरात फणी नव्हती. तिनं ती गडग्यावरून शेजारच्या काकूंकडे मागितली, आणि काकूंनी बरोबर तेलाची वाटीही दिली. वर्षभर माझ्या केसांना कुणी तेल लावलं नव्हतं. जायच्याच वस्तूला तेल कोण लावणार? आत्यानं सगळी वाटी डोक्यावर ओतली, जटा सोडवल्या, मला दोन-चार शिव्या दिल्या आणि वेणी घालायला घेतली.

तिला वेणी येत नव्हती. आधी मला कळलंच नाही. मला वाटलं, हात थरथरताहेत. ती तीन पेड करायची आणि मधला कुठला, कडेचा कुठला, हे तिला आठवत नव्हतं. स्वतःचे केस गेले तेव्हा ती इतकी लहान होती की वेणी घालायला शिकायच्या आतच ते गेले, आणि माझ्या आईनंतर माझी वेणी नेहमी शेजारच्या काकूंनी घातली होती, हे मला त्या क्षणी ध्यानात आलं. मी मागं हात नेऊन तिला दाखवलं, हा याच्यावरून, मग तो. तिनं हुं हुं करत ऐकून घेतलं. हळूहळू जमलं. शेवटाला तिनं आलवणाच्या काठाचा एक दोरा ओढून गाठ मारली.

"झाली?" मी विचारलं.

"झाली," आत्या म्हणाली, आणि ती सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला बसली.